साथीची खबर वाडीतून जिनिव्हापर्यंत कशी पोचते?

दापोलीपासून देवगडपर्यंत ज्या घरातला माणूस बोटीवर नोकरीला आहे, त्या घरात पासपोर्ट आणि सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेच्या, जोडीला एक पिवळी पुस्तिका हमखास सापडते. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस घेतल्याची तारीख, डॉक्टरांची सही आणि केंद्राचा शिक्का, एवढाच तिच्यातला महत्त्वाचा मजकूर. मुंबईला किंवा गोव्यात मुरगावला जाऊन लस टोचून घ्यायची, दहा दिवसांनी दाखला लागू होतो. पूर्वी तो दर दहा वर्षांनी नव्याने काढावा लागायचा. जुलै २०१६ पासून एकदा घेतलेली लस जन्मभर चालते.

भारतात पीतज्वर नाही. पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे, डेंग्यूही तोच पसरवतो. आणि आपल्यापैकी जवळजवळ कुणीही पीतज्वराची लस घेतलेली नाही. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या बंदरातून विषाणू अंगात घेऊन आलेला एक माणूस आणि पावसाळ्यात पिंपापिंपांत अळ्या झालेली एखादी वाडी, एवढ्यावर साथ सुरू होऊ शकते. म्हणून अशा देशांतून येणाऱ्याकडे पुस्तिका नसेल, तर भारत सरकार त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं. विषाणू अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत जास्तीत जास्त एवढेच दिवस लागतात, असं आंतरराष्ट्रीय नियमांत धरलेलं आहे.

हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे. कुठल्या देशात पीतज्वर आहे, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे आणि ते त्या देशाने स्वतः सांगितलं पाहिजे. त्याने लपवलं, तर इथली पुस्तिका तपासूनही उपयोग नाही. रोगांवर देशादेशांनी मिळून नजर ठेवायची म्हणजे काय, ते इथे सर्वांत स्पष्ट दिसतं. आपल्याकडे रोग आहे, हे कबूल करण्याची तयारी ठेवायची आणि कबूल करणाऱ्याला बाकीच्यांनी वाळीत टाकायचं नाही. यातला पहिला भाग कागदावर उतरवायला जगाला दीडशे वर्षं लागली. दुसरा भाग अजून नीट जमलेला नाही.

१८५१ मध्ये पॅरिसला बारा राष्ट्रं कॉलऱ्याचा विचार करायला एकत्र बसली. कॉलरा कशाने होतो यावरच एकमत नव्हतं, त्यामुळे हाती काही लागलं नाही. पहिला करार व्हायला १८९२ साल उजाडलं. या सगळ्या परिषदांची चिंता एकच होती: पूर्वेकडून येणारा रोग युरोपात येऊ नये आणि व्यापारही थांबू नये. पूर्वेकडच्या माणसांचं काय होणार, हा प्रश्न तिथे कुणी मांडला नाही. आजही गरीब देश अशा करारांकडे संशयाने बघतात, त्याचं मूळ या बैठकांमध्ये आहे.

मग सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मुंबई रिकामी होऊ लागली. गिरण्यांमधले आणि गोदीतले चाकरमानी गावाकडे निघाले, त्यांत तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं मोठ्या संख्येने होती. पुढच्याच वर्षी व्हेनिसला फक्त प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. इकडे ब्रिटिश सरकारने १८९७ चा साथरोग कायदा केला. कोविडच्या वेळी २०२० मध्ये आपल्याकडे वापरला गेला तो हाच. त्याच्या अंमलबजावणीत सोजिरांनी घराघरांत शिरून रोगी शोधले, सामान जाळलं, माणसं उचलून छावण्यांत नेली. लोकांनी काय केलं? रोगी माळ्यावर लपवले, मृत्यू लपवले, रातोरात गाव सोडलं. पुण्यात २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यामागे हाच संताप होता. रोगापेक्षा रोग उघड होण्याचीच भीती लोकांना जास्त वाटू लागली होती, आणि अशा वेळी कुठलीही आकडेवारी खरी राहत नाही.

हीच गोष्ट देशांच्या बाबतीतही घडते. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली. तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार फक्त तीन रोग कळवणं बंधनकारक होतं: कॉलरा, प्लेग आणि पीतज्वर. जिनिव्हातल्या जागतिक आरोग्य संघटनेने प्रवास थांबवण्याची शिफारस केलेली नव्हती. तरी अनेक देशांनी भारताची विमानं बंद केली, काहींनी आपला माल घेणं थांबवलं, पर्यटक परत फिरले. जे झालं ते सगळ्या जगातल्या आरोग्य खात्यांनी आणि अर्थखात्यांनी पाहिलं आणि लक्षात ठेवलं.

मग २००२ च्या नोव्हेंबरात चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात एक वेगळाच न्यूमोनिया सुरू झाला. तो तीन रोगांच्या यादीत नव्हता, त्यामुळे कळवण्याची कायदेशीर सक्तीही नव्हती. फेब्रुवारी २००३ मध्ये तिथला एक आजारी डॉक्टर हाँगकाँगच्या हॉटेलात एक रात्र उतरला आणि त्याच मजल्यावरच्या पाहुण्यांबरोबर तो रोग व्हिएतनाम, सिंगापूर, कॅनडात पोचला. हनोईतल्या इस्पितळात हे काहीतरी नवं आहे, असं ओळखून जगाला सावध करणारे जागतिक आरोग्य संघटनेचे डॉक्टर कार्लो उर्बानी स्वतः त्या रोगाने २९ मार्चला गेले. त्या रोगाला सार्स हे नाव मिळालं. साथ आटोक्यात येईपर्यंत आठ हजारांहून जास्त लोकांना लागण झाली आणि ७७४ मृत्यू झाले.

सार्सने हे दाखवून दिलं की रोगांची यादी करून भागत नाही, कारण पुढचा रोग त्या यादीत नसेलच. म्हणून २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम नव्याने लिहिले गेले आणि १५ जून २००७ पासून लागू झाले. आज १९६ देश त्यांना बांधील आहेत. चार गोष्टींचा एकही रुग्ण सापडला तरी कळवायचंच: देवी, रानटी विषाणूचा पोलिओ, माणसात आढळलेला फ्लूचा नवा उपप्रकार आणि सार्स. बाकी कुठल्याही घटनेसाठी देशाने स्वतःला चार प्रश्न विचारायचे. आरोग्यावर परिणाम गंभीर आहे का? घटना अनपेक्षित किंवा नेहमीपेक्षा वेगळी आहे का? सीमेपलीकडे पसरण्याचा मोठा धोका आहे का? प्रवासावर किंवा व्यापारावर निर्बंध येण्याचा मोठा धोका आहे का? दोन प्रश्नांची उत्तरं ‘हो’ आली, तर चोवीस तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं.

हे प्रश्न आपल्या भागाला लावून बघू. जुलै-ऑगस्टमध्ये लावणीच्या चिखलात उतरलेल्या शेतकऱ्याला लेप्टो होतो. उंदरांच्या मुतातले जंतू पायाच्या चिरांतून अंगात शिरतात. गंभीर आहे का? आहे, वेळेवर उपचार झाले नाहीत तर मूत्रपिंडं जातात. अनपेक्षित आहे का? कोकणात तरी नाही, दर पावसाळ्यात होतो, म्हणून तर आरोग्य खातं लावणीच्या दिवसांत डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटतं. सीमेपलीकडे जाईल का? माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. व्यापाराचा प्रश्नच नाही. म्हणजे लेप्टोची खबर जिल्ह्याला आणि राज्याला हवी, जिनिव्हाला नको. आता २०१८ च्या मे महिन्यातलं कोझिकोड घ्या. एकाच घरातली माणसं मेंदूज्वरासारख्या तापाने एकामागून एक गेली, मणिपालच्या आणि पुण्याच्या प्रयोगशाळांनी निपाह विषाणू असल्याचं सांगितलं. केरळात तो पूर्वी कधी आढळला नव्हता. पहिल्या दोन प्रश्नांनाच ‘हो’ आलं आणि भारताने ते कळवलं.

हे कळवण्याचं काम भारताच्या वतीने दिल्लीचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र करतं. पण दिल्लीला कळतं कुठून? मला या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत मोलाचा वाटतो तो तिचा अगदी खालचा टप्पा.

‘काकी, ताप कधीपासून येता?’ आशाताई ओसरीवर बसून विचारते. ‘तीन दिस झाले गो. काजीत जावन इलंय त्या रातीपासून.’ अंगावर पुरळ आहे का, खोकला आहे का, डोळे पिवळे दिसतात का, घरात आणखी कुणाला आहे का, असे पुढचे प्रश्न. ही माहिती उपकेंद्राच्या सिस्टरकडे जाते आणि तिथून ‘एस’ फॉर्ममध्ये भरली जाते. या फॉर्ममध्ये रोगाचं नाव नसतं, फक्त लक्षणं असतात, कारण रोग ठरवणं हे सिस्टरचं काम नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर तपासून त्यांचा संशय ‘पी’ फॉर्ममध्ये लिहितात. प्रयोगशाळेने सिद्ध केलेला रोग ‘एल’ फॉर्ममध्ये येतो. २००४ मध्ये सुरू झालेला एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम तो हाच. आधी हे आठवड्याला एकदा कागदावर जायचं, आता मोबाइलवर आणि संगणकावर रोजच्या रोज भरलं जातं.

जिल्ह्याला बसलेला सर्वेक्षण अधिकारी यात एकेक रुग्ण शोधत नाही. एका वाडीत नेहमी आठवड्याला दोन तापाचे रुग्ण असताना अचानक अकरा कसे झाले, हे त्याला दिसायला हवं. म्हणून सिस्टरने ‘काही नाही’ असं रोज प्रामाणिकपणे भरणंसुद्धा तितकंच महत्त्वाचं आहे. शून्य नोंदवलेलं नसेल, तर अकरा किती मोठा आकडा आहे हे ठरवणार कसं?

यातली मोठी फट खासगी दवाखान्यांची आहे. आपल्याकडे ताप आला की माणूस आधी बाजारपेठेतल्या डॉक्टरांकडे जातो, दोन दिवस इंजेक्शन घेतो, नाही उतरला तर सरकारी दवाखाना आठवतो. तोवरचे दिवस सर्वेक्षणाच्या दृष्टीने कोरेच राहतात. नियम सगळ्यांना लागू आहेत, पण फॉर्म भरण्याची सवय सरकारी बाजूलाच जास्त आहे. अशी फट भरून काढायला वर्तमानपत्रांतल्या बातम्या आणि समाजमाध्यमांतली चर्चासुद्धा आता चाळली जाते. दिल्लीतही आणि जिनिव्हातही. २००५ च्या नियमांनी जागतिक आरोग्य संघटनेला तसा अधिकार दिला: बातमी कुठूनही कळो, ती संबंधित देशाला विचारू शकते आणि देशाने चोवीस तासांत प्रतिसाद द्यायचा असतो. त्यामुळे गप्प बसणं आता पूर्वीइतकं सोपं नाही.

आता माकडतापाकडे येऊ, कारण आपल्या भागातला हा रोग जगाच्या व्यवस्थेशी फार जुन्या धाग्याने बांधलेला आहे. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांत लोकांना तीव्र ताप येऊ लागला. पीतज्वराने माकडं मरतात हे दक्षिण अमेरिकेत ठाऊक होतं. त्यामुळे पहिली भीती हीच होती की पीतज्वर भारतात आला! पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, हा वेगळाच विषाणू असल्याचं दाखवलं. तो गोचिडीतून पसरतो आणि सैबेरियाकडे आढळणाऱ्या एका मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचं नातं आहे, हे कळलं. मग प्रश्न आला: हिवाळ्यात तिकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून तर तो आला नसेल? हे तपासायला जागतिक आरोग्य संघटनेने १९५९ च्या सुमारास पैसे दिले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवली. पक्ष्यांवरचा संशय सिद्ध झाला नाही, पण भारतातल्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाचा पाया त्या कामातून घातला गेला. पुढे त्यात अमेरिकी लष्कराचाही पैसा आला होता हे उघड झाल्यावर सत्तरच्या दशकात संसदेत मोठी खळबळ झाली. आपल्या देशातले नमुने आणि माहिती कोण, कशासाठी घेतं, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहेच, आणि तो प्रश्न तेव्हा विचारला गेला हे योग्यच झालं.

माकडताप बरीच वर्षं शिमोग्याच्या आसपासच राहिला. २०१५ मध्ये तो गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ च्या सुरुवातीला सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात दिसला, पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याकडे. जानेवारी ते मे हा त्याचा काळ, आणि नेमका तोच काजूचा हंगाम. माणसं पहाटेपासून बागेत वाकून बोंडं गोळा करतात, पाचोळ्यात खसखशीच्या दाण्याएवढ्या बाल-गोचिडी असतात आणि त्या चावलेल्या कळतही नाहीत. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात. म्हणून मेलेल्या माकडाभोवतीच्या पन्नास मीटरमध्ये कीटकनाशक टाकतात आणि बागेत जाणाऱ्यांना हातापायाला लावायला गोचिडींना दूर ठेवणारं डीएमपी तेल देतात. माणसाच्या आधी माकड मरतं, त्यामुळे मेलेलं वानर ही या रोगाची सर्वांत लवकर मिळणारी खबर आहे. पण ती वनखात्याच्या हद्दीत मिळते, गुरांवरच्या गोचिडी पशुसंवर्धन खात्याच्या कक्षेत येतात आणि ताप आरोग्य खात्याच्या. ही तीन खाती एकमेकांशी बोलली तरच साखळी पूर्ण होते.

त्यातच राज्याच्या सीमेची भर पडते. दोडामार्गातला गंभीर रुग्ण ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जाण्याआधी गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळात जातो, ते जवळ पडतं आणि सोयीही जास्त आहेत. म्हणजे चावा महाराष्ट्रात, इस्पितळ गोव्यात, नमुना पुण्याला किंवा मणिपालला. बांबोळीतल्या डॉक्टरांनी लावलेलं निदान परत दोडामार्गच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत आलं नाही, तर त्या वाडीत फवारणी होणारच नाही. हनोईतल्या रुग्णाचं मूळ हाँगकाँगच्या हॉटेलात शोधावं लागलं, तोच प्रश्न इथे तिलारीच्या खोऱ्यात लहान रूपात रोज उभा असतो. दोन जिल्ह्यांमध्ये हे इतकं अवघड असेल, तर १९६ देशांमध्ये किती असेल याचा अंदाज येतो.

खबरीनंतरची पायरी नमुन्यांची. फ्लूच्या बाबतीत हे काम १९५२ पासून चालू आहे. वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळा आपापल्याकडचे विषाणू तपासून पुढे पाठवतात, पुण्याची एनआयव्ही त्यांतली एक, आणि त्यावरून वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, पुढच्या लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते ठरतं. हे सुरळीत चालू असताना २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने देणं थांबवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: विषाणू आमच्या माणसांच्या अंगातून घ्यायचा, श्रीमंत देशातल्या कंपनीने त्यावर लस बनवायची आणि ती आम्हाला परवडणार नाही अशा भावात विकायची, हे कसं चालेल? मला ती तक्रार रास्त वाटते. त्यातून २०११ मध्ये फ्लूपुरती एक देवाणघेवाणीची चौकट झाली. कोविडमध्ये लशींच्या वाटपात पुन्हा तेच झालं, आणि मग २० मे २०२५ ला जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार मंजूर केला. त्यातली मुख्य तरतूद अशी की विषाणूचे नमुने आणि माहिती मिळवणाऱ्या कंपन्यांनी महासाथीच्या वेळी उत्पादनाचा वीस टक्के वाटा जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करून द्यायचा, त्यातला निम्मा तरी फुकट. नेमकं कसं, ते सांगणारं परिशिष्ट मात्र वेगळ्या वाटाघाटींवर सोडलेलं आहे, आणि ते ठरल्याशिवाय करार सह्यांसाठी खुला होत नाही. सगळा जीव त्या परिशिष्टात अडकला आहे.

कबूल करणाऱ्याला शिक्षा, हा जुना रोगही गेलेला नाही. दक्षिण आफ्रिकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन शोधला आणि तत्काळ जाहीर केला. दोन-तीन दिवसांत त्यांच्या विमानांना युरोप-अमेरिकेची दारं बंद झाली, जरी तो विषाणू तोवर इतर देशांत पोचलेलाही होता. त्याच वर्षी जूनमध्ये डेल्टा प्लस हा प्रकार महाराष्ट्रात सापडला, तेव्हा सुरुवातीच्या रुग्णांत रत्नागिरी जिल्ह्यातले बरेच होते. नमुने तपासले म्हणून सापडले. जिथे तपासलेच नाहीत, तिथे शून्य. पण बातम्यांत नाव आलं ते रत्नागिरीचं, आणि आपला जिल्हा उगाच बदनाम झाला असं आपल्यातल्याच अनेकांना वाटलं.

काजूच्या पट्ट्यातही तसंच आहे. बागेत माकड मेलं हे कळलं तर मजूर यायचे नाहीत, पाहुणे यायचे नाहीत, म्हणून ते गुपचूप पुरून टाकणारे बागायतदार असतात. त्यांना दोष देऊन काही होणार नाही. त्या हंगामावर त्यांचं वर्ष चालतं. माकड मेल्याचं कळवणाऱ्याच्या बागेत त्याच दिवशी औषध टाकलं गेलं, मजुरांना तेल मिळालं आणि चार दिवसांत काम पुन्हा सुरू झालं, तर पुढचा माणूस आपणहून कळवेल. तहसील कचेरी, आरोग्य केंद्र आणि ग्रामपंचायत यांनी मिळून हे जमवता येण्यासारखं आहे, त्यासाठी जिनिव्हाची वाट बघायला नको.

तोवर आपल्या हातात आहे ते असं. मेलेल्या वानराला किंवा माकडाला हात लावायचा नाही, पुरायचंही नाही. आरोग्य केंद्राला, वनरक्षकाला किंवा १०४ वर फोन करायचा. बागेतून आल्यावर गरम पाण्याने अंघोळ, कपडे वेगळे. पुढच्या आठवड्याभरात ताप आला, तर डॉक्टरांना आपण काजूत गेलो होतो हे न विचारता सांगायचं. आणि बांबोळीला दाखल व्हायची वेळ आलीच, तर केसपेपरवर म्हापशातल्या नातेवाइकाचा पत्ता न देता आपल्या वाडीचा पत्ता लिहायचा, कारण फवारणी करणारी माणसं त्याच पत्त्यावर पोचतात.